तुमच्याकडे किती पडला?

मंडळी, २०१८ सालच्या कोजागिरीची गोष्ट आहे. त्या वर्षी दसरा १८ ऑक्टोबरला झाला आणि दोनच दिवसांनी, शनिवारी २० तारखेला, दोह्यावर असा पाऊस कोसळला की रस्त्यांचे ओहोळ झाले आणि भुयारी मार्गांत गाड्या अडकल्या. ज्या शहरात वर्षभरात सरासरी ७५ मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, तिथे अबू हमूरच्या केंद्रावर एका दिवसात ८४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. पुढे चारच दिवसांनी आम्ही सारे आटीव दुधाचे पेले हातात घेऊन जमलो तेव्हा चंद्राकडे कोणाचे लक्ष नव्हते. जो तो एकच प्रश्न विचारत होता, "तुमच्याकडे किती पडला?"

अबू हमूरच्या एका वहिनींनी गच्चीत राहिलेली बादली सांगितली. तिच्यात १५ सें.मी. पाणी साठले होते, म्हणजे त्यांच्या मते १५० मि.मी. पाऊस! नजम्याच्या एका भावजींकडे खिडकीबाहेर ठेवलेल्या बाटलीत जेमतेम दोन बोटे पाणी होते. वक्राचे एक जण म्हणाले, "आमच्याकडे नुसता शिडकावा." मग काय, कोण खोटे बोलतो यावर चर्चा रंगली.

आम्ही पडलो रसायनशास्त्राचे. मोजपात्र आणि पिपेट यांच्यात जन्म चाललेला. घरी जाऊन वहिनींच्या बादलीचे गणित केले. बादलीचे तोंड ३० सें.मी., बूड २० सें.मी. आणि उंची ३० सें.मी. पाऊस पकडला रुंद तोंडाने आणि साठला अरुंद बुडात, म्हणून उंची फुगलेली दिसली. साठलेल्या पाण्याचे घनफळ काढून तोंडाच्या क्षेत्रफळाने भागले तर उत्तर आले साधारण ८५ मि.मी. म्हणजे सरकारी आकड्याच्या अगदी शेजारचे. भावजींच्या बाटलीचे उलट झाले होते. तिचे तोंड चिंचोळे आणि पोट मोठे, त्यामुळे तिने पाऊस कमी दाखवला. दोघेही खरे बोलत होते. चूक भांड्यांची होती.

त्या रात्रीपासून आमच्या डोक्यात हा विषय राहिला. पाऊस किती पडला हे माणसाने मोजायला कधी सुरुवात केली? कशासाठी? आणि एकाच गावात दोघांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा खरे कोणाचे धरायचे? हा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळले की हा प्रश्न निव्वळ गप्पांचा नाही. त्यात शेतसारा आहे, नुकसानभरपाई आहे, आणि माणसांचे जीवसुद्धा आहेत.

कोठारातले कुंड

पर्जन्यमापनाचा फार जुना उल्लेख आपल्याकडेच सापडतो, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. धान्याच्या कोठारात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, रुंदीच्या तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे तिथे सांगितले आहे. कुंडाची जागा पाहा. ते देवळात नाही, राजवाड्याच्या बागेत नाही, तर कोठारात आहे. पाऊस किती यावर पीक किती, आणि पिकावर राजाचा वाटा, असा तो सरळ हिशेब होता.

त्याच ग्रंथात शेतीखात्याच्या अधिकाऱ्यासाठी निरनिराळ्या प्रदेशांतल्या पावसाचे प्रमाण 'द्रोण' या मापात दिले आहे. कोरड्या जांगल प्रदेशाला सोळा द्रोण, पाणथळ प्रदेशाला त्याच्या दीडपट, अवंतीला, म्हणजे माळव्याला, तेवीस. गोदावरीकाठच्या अश्मक देशाला तेराच्या आसपास, म्हणजे आपला मराठवाडा तेव्हाही कोरड्यातच मोडत होता. आणि अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला, किती? तिथे आकडाच नाही. शब्द आहे 'अमित'. मोजता येणार नाही इतका! रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हातभर रुंदीचे कुंड आणि 'आढक' हे माप सांगितले. चार आढकांचा एक द्रोण. आपल्या पंचांगांच्या संवत्सरफलात पावसाचे आढक येतात ते या परंपरेतून. त्यांच्याच शेजारी नक्षत्रांची वाहने असतात. मृगाचे वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाले की आजोबा खूश, आणि गाढव किंवा उंदीर निघाला की कपाळाला आठ्या, हे आपण लहानपणी पाहिले आहे. पण मापन आणि भाकित यांतला फरक इथे लक्षात ठेवला पाहिजे. कुंड पडलेला पाऊस सांगते, वाहन पडणारा. पहिले पडताळता येते. दुसऱ्याचा पडताळा घ्यायचा तर तोही कुंडातच घ्यावा लागतो.

गंमत म्हणजे इथल्या आखातातही पाऊस ताऱ्यांवरूनच मोजत आले आहेत. ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होणारा ५२ दिवसांचा काळ म्हणजे 'वस्म'. तेरा तेरा दिवसांचे त्याचे चार भाग. आपले पावसाचे नक्षत्रही तेरा-चौदा दिवसांचेच असते. त्या चार भागांतल्या एकाचे नाव 'सिमाक', आणि हा तारा म्हणजे आपली चित्रा. वस्मचा पाऊस वेळेवर झाला तर वाळवंटात चारा उगवतो आणि पुढे जमिनीतून 'फगा' नावाची कंदासारखी अळंबी निघते, म्हणून इथली जुनी माणसे त्याची वाट पाहतात. कतार कॅलेंडर हाऊस आजही वस्म केव्हा लागणार ते जाहीर करते. २० ऑक्टोबरचा तो पाऊस नेमका वस्मच्या आरंभीचा होता. इथल्या जुन्या माणसांना त्याच्या वेळेचे आश्चर्य वाटले नसेल. आश्चर्य होते ते आकड्याचे.

राजाने वाटलेली मापे

कुंड असणे ही एक गोष्ट झाली. सगळीकडे एकसारखे कुंड असणे ही दुसरी, आणि खरी महत्त्वाची. हे काम कोरियात झाले. राजा सेजोंगच्या कारकिर्दीत १४४१ साली दंडगोलाकार पर्जन्यमापक तयार झाला आणि लवकरच एकाच मापाची भांडी प्रांतोप्रांती पाठवण्यात आली. पाऊस थांबला की स्थानिक अधिकाऱ्याने पाणी मोजायचे आणि राजधानीला कळवायचे. देशातल्या दोन गावांच्या पावसाची तुलना करायची तर दोन्ही गावांतले भांडे सारखे हवे, ही साधी वाटणारी गोष्ट तिथे राज्यकारभाराचा नियम झाली. आमच्या वहिनींची बादली आणि भावजींची बाटली सेजोंगच्या दरबारात चालली नसती.

युरोपात सतराव्या शतकात असे प्रयोग सुरू झाले, पण तिथेही एक कोडे उभे राहिले. लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी १७६६-६७ मध्ये तीन सारखे पर्जन्यमापक ठेवले. एक वेस्टमिन्स्टर अॅबे या उंच चर्चच्या छपरावर, दुसरा जवळच्या घराच्या छपरावर आणि तिसरा खाली बागेत. वर्षभराची बेरीज केली तेव्हा बागेत २२.६ इंच, घरावर १८.१ इंच आणि अॅबेवर अवघे १२.१ इंच! एकाच ठिकाणी, एकाच ढगातून, जवळजवळ निम्मा फरक. कोणाला वाटले की थेंब खाली येता येता मोठे होतात. पुढे १८६१ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी खरे कारण पुढे आणले. उंचावर वारा जोरात असतो, तो भांड्याच्या कडेवर आपटून वर उसळतो आणि थेंब भांड्यात न पडता पलीकडे वाहून जातात. पाऊस कमी नसतो, पकडलेला पाऊस कमी असतो.

हे वाचताना आम्हाला आपल्या दोह्यातल्या उंच इमारती आठवल्या. विसाव्या मजल्याच्या बाल्कनीतला पाऊस म्हणजे भिंतीने अडवलेला आणि वाऱ्याने उडवलेला पाऊस. त्यावरून "आमच्या भागात पाऊसच नव्हता" असे कोणी सांगितले तर त्यांना हेबर्डन डॉक्टरांची गोष्ट सांगावी.

केरूनाना, कुलाबा आणि पाच इंचांचे भांडे

आता मुंबईला येऊ. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा काढली ती मुख्यतः जहाजांच्या वेळेसाठी आणि नौकानयनासाठी. १८४१ पासून ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या काळात तिथे काम करणाऱ्यांत एक नाव आपल्याला ओळखीचे आहे, केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांना गणित शिकवले ते हेच. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांकडेही काही काळ या वेधशाळेचा कारभार होता. ठरल्या वेळी, रात्री-अपरात्रीसुद्धा, उपकरणापाशी जाऊन दिसेल तो आकडा वहीत लिहायचा, हे काम दिसायला कंटाळवाणे. पण मराठी माणसाच्या आधुनिक विज्ञानाशी झालेल्या पहिल्या ओळखींपैकी ही एक होती. १८९६ मध्ये नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

चक्रीवादळे आणि दुष्काळ यांचे तडाखे बसल्यावर सरकारने १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन केले. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला आणि १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'चा थांबा लागतो तो या स्थलांतराची आठवण म्हणून. पुण्यात सिमला कुठून आले हे पुणेकरांनाही पुष्कळदा सांगावे लागते!

या खात्याने देशभर वापरलेले भांडे मात्र एका हौशी माणसाच्या नावाचे आहे. जॉर्ज जेम्स सायमन्स हे इंग्लंडमधले तरुण गृहस्थ. १८५० च्या दशकात तिथे काही वर्षे पाऊस कमी पडला. खरेच कमी होतो आहे की उगाच वाटते आहे, हे सांगायला देशभराचे आकडेच नव्हते. सायमन्स यांनी ते गोळा करायचे ठरवले. १८६० साठीच्या त्यांच्या पहिल्या संकलनात १६८ ठिकाणे होती. वर्तमानपत्रांतून पत्रे लिहून, ओळखीपाळखी काढून त्यांनी पाद्री, डॉक्टर, शिक्षक, गृहिणी, बागाईतदार अशी माणसे जोडली. १९०० साली ते वारले तेव्हा ही संख्या साडेतीन हजारांच्या आसपास गेली होती. हे सारे बिनपगारी. मोबदला काय, तर वर्षाच्या शेवटी छापील पुस्तकात आपल्या गावापुढे आपला आकडा.

सायमन्सचा पर्जन्यमापक साधा आहे. वर १२७ मि.मी., म्हणजे पाच इंच, व्यासाचे नरसाळे, खाली बाटली, कड जमिनीपासून ३०५ मि.मी. वर, आणि आजूबाजूला मोकळी जागा. आपल्याकडे तहसील कचेरीच्या आवारात कुंपणात उभे केलेले भांडे अनेकांनी पाहिले असेल. सकाळी साडेआठला मोजणी. "गेल्या चोवीस तासांत" असे बातम्यांत सांगतात तेव्हा ते चोवीस तास या साडेआठपासून आदल्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचे असतात.

बर्फवाल्यांचे भांडण

आमच्या पिढीचे निम्मे नातेवाईक अमेरिकेत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या चुलतभावाला फोन केला की पहिली पाच मिनिटे बर्फच. "आमच्या एडिसनला वीस इंच, तिकडे न्यूयॉर्कला किती?" अशी ती चौकशी. पाऊस मोजणे सोपे वाटावे इतके बर्फ मोजणे अवघड आहे. बर्फ वाऱ्याने उडतो, साचतो, आपल्याच वजनाने दबतो. म्हणून तिथे नियम आहे की पांढऱ्या फळीवर मोजायचे, ठराविक तासांनी, आणि मोजून झाले की फळी साफ करायची. दर तासाला मोजून साफ करत बसले तर दबण्याआधीच्या भुसभुशीत थरांची बेरीज होते आणि आकडा फुगतो. वहिनींच्या बादलीसारखाच.

२२ ते २४ जानेवारी २०१६ च्या हिमवादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आकडा आधी २६.८ इंच जाहीर झाला. २००६ चा विक्रम होता २६.९ इंचांचा. एका दशांश इंचाने विक्रम हुकला म्हणून हौशी मंडळी हळहळली. पुढे हवामान खात्याने चौकशी केली. आकडा कळवण्यात चूक झाली होती, खरा आकडा २७.५ इंच. म्हणजे १८६९ पासूनचा सर्वाधिक. त्याच चौकशीत शेजारच्या न्यूअर्क विमानतळाचा २८.१ इंचांचा आकडा मात्र रद्द झाला, कारण तिथली मोजणी नियमाप्रमाणे झाली नव्हती. एक आकडा वाढला, दुसरा खोडला गेला. आम्हाला यात दिसली ती त्या खात्याची शिस्त. चूक निघाली तर विक्रमही मागे घ्यायचा.

त्याच देशात हौशी मोजणाऱ्यांचे एक जाळे उभे राहिले त्याची कथा गंभीर आहे. २८ जुलै १९९७ ला कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावाच्या पश्चिम भागात काही तासांत दहा इंचांहून अधिक पाऊस पडला. त्याच गावाच्या पूर्व भागात दोन इंचांच्या आसपास. एका टोकाच्या लोकांना दुसऱ्या टोकाला काय चालले आहे याची कल्पनाही नव्हती. पुरात पाच माणसे गेली. तिथल्या विद्यापीठातल्या हवामान केंद्राने १९९८ मध्ये गावकऱ्यांनाच चार इंच व्यासाचे प्लास्टिकचे पर्जन्यमापक घेऊन रोज सकाळी नोंद कळवायला सांगितले. पाऊस, गारा आणि बर्फ, तिन्ही. आज ते जाळे अमेरिकेच्या सर्व राज्यांत पसरले आहे आणि त्याचे आकडे सरकारी हवामान खातेही वापरते.

एक शहर, दोन आकडे

फोर्ट कॉलिन्सची गोष्ट वाचताना मुंबईच्या माणसाला जे आठवते ते आम्हालाही आठवले. मंगळवार, २६ जुलै २००५.

मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात आकाशवाणीच्या बातम्यांतले शेवटचे वाक्य असते, कुलाब्यात इतके मि.मी. आणि सांताक्रूझला इतके. एकाच शहराचे दोन आकडे. दोन्ही ठिकाणांत पंचवीसएक किलोमीटरचे अंतर. एरवी ते वाक्य संपण्याआधी रेडिओ बंद व्हायचा. त्या दिवशीच्या चोवीस तासांचा सांताक्रूझचा आकडा आला ९४४ मि.मी. दुपारच्या एका तासात तर १९० मि.मी.च्या आसपास. विहार तलावाजवळ त्याहूनही जास्त, हजाराच्या वर. आणि कुलाब्याला? ७५ मि.मी. सुद्धा नाही.

इथे बसून आपण या आकड्यांकडे पाहावे. कुलाब्याला त्या दिवशी जो 'किरकोळ' पाऊस झाला तो दोह्याच्या वर्षभराच्या सरासरीइतका होता. आणि सांताक्रूझला एका दिवसात जो झाला तो दोह्याचा बारा वर्षांचा! एक मि.मी. पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ९४४ मि.मी. म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन.

मंडळातल्या ज्येष्ठ मंडळींना तो दिवस इथून आठवतो. आमच्या एका काकांनी सांगितलेली हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न घालता देतो. दोह्यात दुपार होती, तिकडे संध्याकाळ होत आलेली. कचेरीत कोणीतरी म्हणाले की मुंबईत फार पाऊस आहे. काकांनी फोनकार्ड खरवडून गिरगावात वडिलांना फोन लावला. "बाबा, पाऊस कसा आहे?" वडील म्हणाले, "अरे, पाऊस म्हणजे आपला नेहमीचा. चहा घेत बसलोय. तू काय काळजी करतोस?" काका निश्चिंत झाले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने कलिन्याला बहिणीकडे फोन लावला तर तो लागेना. काकांनी त्याला धीर दिला, "अहो, मी आत्ताच बोललो मुंबईशी, काही विशेष नाही." बहिणीच्या घरात तेव्हा छातीभर पाणी होते. ती माणसे वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली, हे तिसऱ्या दिवशी कळले. काका म्हणतात, "मी खोटे बोललो नव्हतो रे. पण माझे खरे गिरगावापुरते होते."

त्या पुरात महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे गेली. त्या दुपारी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते, आणि शहरात कुठे किती पाऊस पडतो आहे हे त्या त्या वेळी सांगणारे दाट जाळेही नव्हते. दक्षिण मुंबईत मंत्रालय, महापालिका, मोठमोठ्या कचेऱ्या. तिथल्या खिडकीतून दिसणारा पाऊस नेहमीचाच. मिठी नदीकाठचा पाऊस त्या खिडकीतून दिसणारा नव्हता. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती ५० मि.मी.साठी करावीत असे १९९३ च्या एका अहवालात आधीच सांगितले होते, ते काम मागे पडले होते. २००५ नंतर महापालिकेने शहरभर ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. आज मुंबईकर एकाच सकाळी दादर, अंधेरी, मुलुंडचे निरनिराळे आकडे पाहतो. ती सोय एका फार महागात पडलेल्या धड्यातून आली आहे.

पासष्टचा उंबरठा

शहराचे झाले, आता गावाचे. महाराष्ट्रात चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मि.मी.हून जास्त पाऊस झाला की त्याची अतिवृष्टीत गणना होते, आणि पिकाच्या नुकसानीची मदत पुष्कळदा या आकड्यावर येऊन थांबते. महसूल मंडळ म्हणजे एकदोन गावे नव्हेत, गावांचा एक गटच. सह्याद्रीच्या बाजूला तर दर कोसावर पाऊस बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मि.मी.हून अधिक, आणि घाट उतरून वाईला आलात की हजारसुद्धा नाही. मग एका भांड्याने गटातल्या सगळ्या गावांचा न्याय कसा करायचा?

आमच्यापैकी एकाच्या गावी हे घडले आहे. ढगफुटीसारख्या पावसाने सोयाबीन वाहून गेले, बांध फुटले. पण मंडळाचे भांडे होते सात-आठ किलोमीटरवर, आणि त्यात त्या रात्री पन्नासच्या आत पाणी. कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. त्याचे वडील कचेरीत हेलपाटे घालत राहिले. "साहेब, पाऊस माझ्या शेतात पडला, तुमच्या भांड्यात नाही, त्यात माझा काय गुन्हा?" असे ते विचारत. साहेबही काय करणार, त्यांच्यापुढे एकच आकडा होता. २०१७ पासून राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहू लागली. पूर्वीपेक्षा हे पुष्कळ बरे. तरीही दोन केंद्रांच्या मधले शेत राहतेच. तिथे पाऊस मोजणारा माणूस गावातलाच असेल तर त्या शेतकऱ्याच्या हातात निदान एक वही तरी असेल.

आपली वही

कोणी म्हणेल, कतारमध्ये याचा काय उपयोग? १६ एप्रिल २०२४ ला शेजारच्या अमिरातीत काय झाले ते आठवा. अल ऐन भागात खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मि.मी. पाऊस, तिथल्या १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. आखातातला पाऊस क्वचित येतो, पण येतो तेव्हा एका वस्तीवर कोसळतो आणि दुसरी कोरडी ठेवतो. मुलांची शाळा अबू हमूरला, घर वक्राला, कचेरी दफन्याला, अशी आपली घरे विखुरलेली. घरच्या खिडकीतून दिसणाऱ्या पावसावरून मुलांना आणायला निघावे की थांबावे हे ठरवायचे नसते, इतके तरी काकांच्या फोनने आपल्याला शिकवले आहे. गाडी काढण्याआधी तिकडच्या एखाद्या घरी फोन करून विचारावे.

म्हणून आमची एक विनंती आहे. वस्म लागण्यापूर्वी जमेल त्या घराने एक भांडे तयार ठेवावे. सरळ उभ्या भिंतींचे, तोंड आणि बूड सारख्या रुंदीचे, काचेचे किंवा प्लास्टिकचे. बादली नको, चिंचोळ्या तोंडाची बाटली नको. बाहेरून मि.मी.ची पट्टी चिकटवावी, शून्य आतल्या बुडाच्या पातळीला येईल अशी. भांडे गच्चीत किंवा अंगणात, भिंतीपासून आणि झाडापासून दूर, वाऱ्याने कलंडणार नाही असे ठेवावे. विजा चमकत असताना कोणी गच्चीत जाऊ नये, पाणी कुठे पळत नाही. मात्र इथल्या कोरड्या हवेत ते उडून जाते, म्हणून पाऊस थांबला की लवकर वाचावे. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग वाचावा. हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो तसेच. मग तारीख, वेळ, वस्ती आणि आकडा वहीत लिहावा. पाऊस झाला नाही तर शून्य लिहावे. शून्य हीसुद्धा नोंद आहे, आणि कतारमध्ये तीच जास्त वेळा लिहावी लागेल!

वही मुलांच्या हाती द्यावी. केरूनानांचे काम काही फार वेगळे नव्हते. ठरल्या वेळी जायचे आणि दिसेल ते लिहायचे, मनासारखे नसले तरी. पुढच्या कोजागिरीला ज्यांनी त्यांनी आपापल्या वह्या घेऊन याव्यात. मंडळाच्या फळ्यावर कतारचा नकाशा काढू आणि प्रत्येक वस्तीपुढे तिचा आकडा लिहू. दूध आटेपर्यंत तेवढे काम सहज होईल.

आणि त्या दिवशी कोणाचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी जुळला नाही तर त्याला खोटे म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारू. भांडे कसले होते? आणि ठेवले कुठे होते? दोन्हींची उत्तरे नीट मिळाली तर दोन्ही आकडे नकाशावर लिहू. गिरगावही खरे होते आणि कलिनाही.